अँजेलमन सिंड्रोम: तपासण्यांचा योग्य क्रम आणि निदानानंतरची पावले

मूल दोन वर्षांचे होत आले तरी आधाराशिवाय बसत नाही, एकही शब्द बोलत नाही, चेहरा मात्र सदैव हसरा असतो. घरच्यांनी ऐपतीबाहेर खर्च करून एक मोठी जनुकीय तपासणी करून घेतलेली असते आणि तिचा निकाल ‘नॉर्मल’ आलेला असतो. अँजेलमन सिंड्रोम असलेल्या कितीतरी मुलांचे निदान याच ठिकाणी थांबते, कारण सर्वांत महाग तपासणी ती सर्वांत खात्रीची, असे पालक धरून चालतात. या आजारात तसे नाही. येथे तपासण्यांचा क्रम चुकला की वर्षे वाया जातात, आणि निकाल अर्धवट वाचला की पुढच्या गर्भारपणाच्या वेळी चुकीचा सल्ला मिळतो.

पुढचे टप्पे समजण्यापुरते आजाराचे मूळ आधी पाहू. १५व्या गुणसूत्रावर यूबीई३ए नावाचे जनुक असते. त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते; परंतु मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईकडून आलेली प्रत काम करते आणि वडिलांकडची प्रत निरोगी माणसातही तेथे बंदच असते. म्हणून आईकडची प्रत नसली, बिघडली किंवा चुकून बंद राहिली, तर तिची जागा घेणारे दुसरे काही उरत नाही. साधारणपणे १२ ते २० हजार मुलांमागे एका मुलाला हा आजार असतो.

## टप्पा १: तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वीची तयारी

बहुतेक पालक ‘मूल मागे आहे’ एवढेच सांगतात, आणि तेवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला नेमकी दिशा मिळत नाही. म्हणून एक वही करावी आणि तिच्यात पुढील गोष्टी तारखांसह लिहाव्यात.

१. मान कधी धरली, मूल कुशीवर कधी वळले, बसले, रांगले, उभे राहिले. जे अजून झालेले नाही तेही लिहावे.

२. जन्माच्या वेळचा आणि त्यानंतर मोजलेला डोक्याचा घेर. या आजारात जन्मतः घेर सामान्य असतो आणि पुढे डोक्याची वाढ मंदावते. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे डोके वयाच्या मानाने लहान दिसू लागते. लसीकरणाच्या कार्डावर जुनी नोंद असल्यास ते कार्ड सोबत ठेवावे.

३. तान्हेपणी दूध ओढण्यात अडचण होती का, दूध वारंवार बाहेर येत असे का.

४. झोप: किती वाजता लागते, रात्री किती वेळा मोडते, आणि जाग आल्यावर मूल तासन्‌तास ताजेतवाने असते का.

५. हसू: कारण नसतानाही येते का, उत्साहात हात पंखांसारखे फडफडतात का, पाणी दिसले की मूल त्याकडे झेपावते का.

६. झटके किंवा टक लावून पाहणे, आणि ते तापात आले की तापाशिवाय.

७. शिकलेली एखादी गोष्ट मूल विसरले आहे का. या एका प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे. अँजेलमनमध्ये प्रगती अतिशय संथ असते, पण मूल सहसा मागे जात नाही. मुलगी आधी हाताने वस्तू धरत होती, एखाद-दुसरा शब्द बोलत होती आणि नंतर ते सारे हरपले असेल, तर डॉक्टरांचा विचार आधी रेट सिंड्रोम या वेगळ्या जनुकीय आजाराकडे वळायला हवा.

यासोबत मोबाइलवर छोटे व्हिडिओ घ्यावेत: मूल उभे राहण्याचा किंवा चालण्याचा प्रयत्न करताना, वस्तू उचलताना हात थरथरतात ते, आणि झटक्यासारखे काही दिसल्यास तेही. अनोळखी दवाखान्यात मूल घरी वागते तसे वागत नाही, त्यामुळे तज्ज्ञ दहा मिनिटांत जे पाहू शकत नाहीत ते या व्हिडिओंत दिसते.

पडताळणी: गर्भारपणाचे आणि प्रसूतीचे कागद काढून पाहावेत. बाळ जन्मताच रडले, काचेच्या पेटीत ठेवावे लागले नाही, पुढे मेंदूचा एमआरआयही जवळपास सामान्य आला, आणि तरी मुलाच्या कागदांवर ‘सेरेब्रल पाल्सी’ लिहिलेले असेल, तर त्या निदानाचा फेरविचार करण्याची विनंती नम्रपणे पण ठामपणे करावी. अँजेलमन असलेल्या मुलांवर हा शिक्का वारंवार बसतो.

## टप्पा २: योग्य तज्ज्ञ आणि सुरुवातीच्या तपासण्या

बालरोगतज्ज्ञांकडून बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी घ्यावी आणि शक्य असल्यास जनुकीय आजारांच्या तज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, हा चांगला पहिला दरवाजा आहे, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

येथे ईईजीला, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाला, विशेष महत्त्व आहे. या आजारात मेंदूच्या विद्युतलहरींचा एक ओळखीचा नमुना दिसतो, मोठ्या उंचीच्या संथ लहरींचा, आणि झटके सुरू होण्याआधीही तो दिसू शकतो. म्हणून ‘झटके नाहीत, मग ईईजी कशाला’ हे म्हणणे बरोबर नाही. अहवाल वाचणाऱ्यांना कोणत्या आजाराची शंका आहे ते चिठ्ठीवर लिहून कळवावे. अन्यथा अहवालात ‘विस्कळीत लहरी’ एवढेच मोघम वाक्य येते.

## टप्पा ३: जनुकीय तपासण्यांचा क्रम

लेखाचा खरा गाभा हा टप्पा आहे, तेव्हा तो सावकाश वाचावा.

पहिली तपासणी: १५व्या गुणसूत्राची मेथिलेशन तपासणी. आईकडची आणि वडिलांकडची प्रत यांवर वेगवेगळ्या रासायनिक खुणा असतात. आईकडच्या प्रतीची खूण रक्तातील डीएनएमध्ये आहे की नाही, हे या तपासणीत कळते. अँजेलमन असलेल्या सुमारे ८० टक्के मुलांचे निदान या एकाच तपासणीने होते. एमएस-एमएलपीए या पद्धतीने ती केली, तर गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे की नाही हेही त्याच वेळी समजते; म्हणून प्रयोगशाळेला पद्धत कोणती हे आधी विचारावे आणि शक्यतो हीच पद्धत मागावी. लागते ते थोडेसे रक्त, आणि त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते.

दुसरी तपासणी: यूबीई३ए जनुकाचे वाचन. मेथिलेशनचा निकाल सामान्य आला आणि लक्षणे मात्र जुळत असली, तरच ही करायची. सुमारे १० टक्के मुलांत गुणसूत्राचा तुकडा जागेवर असतो, खुणाही ठीक असतात, पण जनुकाच्या मजकुरातच बदल असतो. तो मेथिलेशन तपासणीत दिसत नाही.

तिसरी पायरी: एक्झोम तपासणी, म्हणजे एकाच वेळी हजारो जनुकांचे वाचन. वरील दोन्ही निकाल सामान्य आल्यावर, अँजेलमनसारखे दिसणारे इतर आजार शोधण्यासाठी तिचा उपयोग होतो. पिट-हॉपकिन्स, मोवॅट-विल्सन आणि क्रिश्चियनसन सिंड्रोम हे त्यांतले काही.

आता नेहमी होणाऱ्या चुका पाहू.

*एक्झोमने सुरुवात करणे.* एक्झोम जनुकांतील अक्षरे वाचते, त्यांवरच्या खुणा वाचत नाही. दोन्ही प्रती वडिलांकडूनच आल्या असतील किंवा आईकडची प्रत चुकून बंद झाली असेल, तर अक्षरे अगदी बरोबर असतात आणि अहवाल ‘काही आढळले नाही’ असा येतो. तुकडा गळालेला असला तरी तो दिसेल की नाही, हे त्या प्रयोगशाळेच्या विश्लेषणावर अवलंबून असते. ‘एक्झोम नॉर्मल, म्हणजे अँजेलमन नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि केवळ त्यामुळे कितीतरी कुटुंबे भलत्या दिशेने भटकतात.

*साध्या कॅरिओटाइपवर समाधान मानणे.* या आजारात गळणारा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत सहसा नजरेस पडत नाही.

*मायक्रोॲरेत तुकडा गळालेला दिसला म्हणून निदान पक्के मानणे.* मायक्रोॲरे, म्हणजे गुणसूत्रांचे गळालेले किंवा वाढलेले तुकडे शोधणारी तपासणी, तुकडा जागेवर नाही एवढेच सांगते. तो आईकडच्या गुणसूत्रातून गेला की वडिलांकडच्या, हे सांगत नाही. आईकडचा गेला तर अँजेलमन. वडिलांकडचा गेला तर तो प्रेडर-विली हा पूर्णपणे वेगळा आजार, ज्यात पुढे अनावर भूक आणि लठ्ठपणा यांचा प्रश्न उभा राहतो. दोघांची देखभाल वेगळी असल्याने मायक्रोॲरेनंतर मेथिलेशन तपासणी करावीच लागते.

सावधान: सगळ्या तपासण्या नीट होऊनही सुमारे १० टक्के मुलांत जनुकीय कारण सापडत नाही. अशा वेळी लक्षणे, ईईजी आणि तज्ज्ञांचे परीक्षण यांवरून केलेले निदानही ग्राह्य असते. मात्र काही वर्षांनी तज्ज्ञांशी बोलून जुन्या अहवालाचे पुनर्विश्लेषण करून घ्यावे.

## टप्पा ४: ‘पॉझिटिव्ह’ निकाल पुरेसा नाही, प्रकार ठरवा

नुसता मेथिलेशनचा निकाल आजार असल्याचे सांगतो, आजार कोणत्या वाटेने आला हे सांगत नाही. निदान मिळाल्याच्या धक्क्यात आणि एका अर्थी मिळालेल्या दिलाशात पालक येथेच थांबतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण पुढच्या अपत्याचा धोका प्रकारानुसार एक टक्क्याहून कमीपासून ५० टक्क्यांपर्यंत बदलतो.

१. तुकडा गळणे. सुमारे ७० टक्के मुलांत हेच कारण असते. बीजांड तयार होताना हे नव्याने घडते. आईच्या गुणसूत्रांची रचना सामान्य असल्यास पुन्हा होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. ती सामान्य आहे ना, हे आईच्या रक्तावरून तपासून घ्यावे. या प्रकारात झटके आणि विकासातील अडचणी तुलनेने अधिक तीव्र असतात, आणि मुलाचा रंग घरच्यांपेक्षा बराच उजळ, केस भुरे असू शकतात.

२. दोन्ही प्रती वडिलांकडून येणे. थोड्याच मुलांत आढळते. ते ठरवण्यासाठी सहसा आई-वडील दोघांचेही रक्त लागते. पुन्हा होण्याचा धोका सहसा फार कमी असतो. तरी वडिलांच्या गुणसूत्रांची जुळणी वेगळी नाही ना, हे कॅरिओटाइपवरून पाहावे.

३. आईकडची प्रत चुकून बंद राहणे. हाही प्रकार कमी मुलांत आढळतो. बहुतेक वेळा ही एकदाच घडणारी चूक असते. पण प्रतींवरील खुणा ठरवणाऱ्या नियंत्रण केंद्रातच बारीक तुकडा गळालेला असेल आणि आईतही तो असेल, तर प्रत्येक गर्भारपणात धोका ५० टक्के. म्हणून त्या केंद्राची स्वतंत्र तपासणी मागावी लागते. ती आपोआप होत नाही.

४. यूबीई३ए जनुकातील बदल. हा बदल आईतही असल्यास प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के. आईला तो तिच्या वडिलांकडून मिळाला असेल तर तिच्यात एकही लक्षण नसते, कारण वडिलांकडची प्रत चेतापेशींत बंदच असते. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असे कोणी नाही’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी मुलाच्या मावशांनाही सावध करावे. बदल त्यांच्यात असल्यास त्यांच्या अपत्यांना तेवढाच धोका असतो. मामाकडून तो पुढे गेला तर मामाची मुले निरोगी राहतात, पण मामाच्या मुलींच्या पोटी पुन्हा आजार दिसू शकतो.

पडताळणी: अहवालाच्या शेवटच्या ओळीवर थांबू नये. चारपैकी प्रकार कोणता, आईची तपासणी झाली का, आणि पुढच्या अपत्याचा धोका किती, या तीन प्रश्नांची उत्तरे जनुकीय समुपदेशकाकडून लेखी घ्यावीत.

येथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसमोर बोलली गेली पाहिजे. ‘आईकडची प्रत’ हे शब्द कानावर पडताच सुनेकडे बोट दाखवले जाते. बहुसंख्य मुलांत हा बिघाड बीजांड किंवा गर्भ तयार होताना आपोआप घडलेला असतो. गर्भारपणातला आहार, ग्रहण, काम, औषध किंवा मनःस्थिती यांतल्या कशानेही तो होत नाही. समुपदेशनाला सासू-सासऱ्यांनाही सोबत न्यावे आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर घालावे. त्या माउलीच्या वाट्याला आलेले काम आधीच पुष्कळ आहे.

## टप्पा ५: झटक्यांची तयारी, निकालाची वाट न पाहता

या आजारातील बहुसंख्य मुलांना, साधारण ८० टक्क्यांहून अधिक, झटके येतात आणि ते बहुधा तिसऱ्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणून अहवाल हातात येण्याआधीच घर तयार ठेवावे.

१. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे.

२. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. त्याने झटका थांबत नाही, श्वासाला अडथळा मात्र होतो.

३. झटका थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलम फवारा डॉक्टरांनी लिहून दिला असेल, तर मुलाच्या वजनानुसार किती फवारे आणि किती मिनिटांनी, हे कागदावर लिहून कपाटाच्या दारावर लावावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला तर रुग्णालय गाठावे.

४. औषध निवडताना डॉक्टरांना निदान ठळकपणे सांगावे. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझॅम आणि लेव्हेटिरासिटॅम ही औषधे या आजारात नेहमी वापरली जातात. कार्बामाझेपिन आणि व्हिगाबॅट्रिन यांनी झटके वाढू शकतात. शहर किंवा डॉक्टर बदलताना हा मुद्दा हमखास निसटतो. सुरू असलेले कोणतेही औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

सावधान: प्रत्येक झटका हातपाय आखडणारा नसतो. एरवी हसरे मूल काही तास किंवा काही दिवस मलूल झाले, लाळ वाढली, चालताना तोल अधिकच जाऊ लागला, तर मेंदूत सतत झटका सुरू असण्याची शक्यता असते. ‘आज जरा सुस्त आहे’ म्हणून वाट पाहू नये. तातडीने डॉक्टरांना दाखवून ईईजीबद्दल विचारावे.

## टप्पा ६: उपचार, आणि सर्वांत आधी संवाद

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. वडिलांकडची बंद प्रत चालू करण्याच्या उपचारांच्या चाचण्या सुरू आहेत. ‘जनुके दुरुस्त करून देतो’ असे कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लगेच सुरू करावी, निकालाची वाट पाहू नये. बरीच मुले उशिरा का होईना, चालू लागतात. मात्र पाठीचा कणा वाकडा होण्याची प्रवृत्ती असल्याने त्याची तपासणी दर वर्षी करावी, विशेषतः वयात येताना.

वाचेच्या बाबतीत पालकांची फार मोठी गफलत होते. बहुतेक मुले मोजकेच शब्द बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत, परंतु त्यांना समजते ते बोलता येण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. ‘आधी बोलेल, नाहीच बोलले तर चित्रे देऊ’ हा क्रम उलटा करावा. चित्रांचे तक्ते किंवा टॅब्लेटवरील संवादाचे ॲप पहिल्यापासून द्यावे. त्याने बोलणे खुंटत नाही. सुरुवात अशी करावी:

१. घरात रोज लागणारे मोजके शब्द निवडावेत: ‘पाणी’, ‘अजून’, ‘नको’, ‘बाहेर’, ‘आई’, ‘दुखतंय’. ‘नको’ पहिल्या दिवसापासून असावा; नकार सांगता न आल्यामुळेच मूल केस ओढते किंवा चावते, असे पुष्कळदा असते.

२. मुलाकडून लगेच काही मागू नये. आधी काही महिने मोठ्यांनीच बोलताना त्या त्या चित्रावर बोट ठेवत जावे.

३. प्रश्न विचारल्यावर थांबावे. या मुलांना हालचाल जुळवायला वेळ लागतो. घाईने आपणच उत्तर दिले की त्यांचा प्रयत्न तेथेच विरतो.

४. तक्ता घरात, शाळेत आणि आजोळीही एकच असावा.

झोपेसाठी अंधारी, सुरक्षित खोली आणि ठरलेली वेळ. तेवढ्याने भागले नाही तर झोपेला मदत करणाऱ्या मेलाटोनिनविषयी डॉक्टरांना विचारावे. बद्धकोष्ठता अनेकांना असते आणि दुखते कुठे हे मूल सांगू शकत नाही, म्हणून अचानक बदललेल्या वागण्यामागे आधी पोट, दात आणि कान तपासावेत.

सावधान: पाण्याचे वेड मुलाच्या जिवावर बेतू शकते. भरलेली बादली, हौद, विहीर, शेततळे यांपैकी काहीही उघडे ठेवू नये. ही मुले उष्णताही कमी सोसतात, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारच्या थेरपीची वेळ बदलून घ्यावी.

## टप्पा ७: कागदपत्रे

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आजाराच्या नावापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा ठरतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अँजेलमन हे नाव नाही. त्यामुळे ‘यादीत नाही’ असे ऐकून परतू नये. बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता या प्रकाराखाली मूल्यमापन मागावे, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा, आणि विकासाच्या चाचणीचा अहवाल सोबत न्यावा. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी. त्यानंतर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याची तयारी सतराव्या वर्षीच सुरू करावी.

## टप्पा ८: पुढचे अपत्य

हा टप्पा दिवस राहण्याआधीचा आहे. पहिल्या मुलातील नेमका प्रकार, आणि तो जनुकबदल असल्यास त्याचे प्रयोगशाळेने दिलेले पूर्ण वर्णन हाती नसेल, तर गर्भाची नेमकी तपासणी कशाची करायची हेच ठरत नाही, आणि दिवस गेल्यावर ते शोधायला वेळ पुरत नाही. ज्ञात जनुकबदल असेल तर अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या पेशींवर तपासणी होऊ शकते. मेथिलेशन पाहायचे असेल तर मात्र वारेच्या पेशींतील खुणा पुरेशा विश्वासार्ह नसतात; त्यासाठी पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल घेणे अधिक योग्य. जनुकीय आजारासाठीची गर्भतपासणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात बसते, परंतु ती नोंदणीकृत केंद्रातच आणि लेखी संमतीनेच होते. पहिल्या मुलाचे सर्व मूळ अहवाल, आईच्या तपासणीचा निकाल आणि समुपदेशकाची चिठ्ठी एका फाइलमध्ये ठेवून ती पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना द्यावी.